डाव्या डोळ्यातला ठिपका

सदू,

दुकान अजून उघडतो मी. सकाळी फळ्या काढतो, खिडकीचा पडदा सारतो, तुझं काळं फडकं झटकून कॅमेऱ्यावर टाकतो आणि आज कोणाशी भांडायचं या काळजीत बसून राहतो. परवा एक गिऱ्हाईक आलं. "ते दुसरे कुठायत?" म्हणालं. मी म्हटलं, "गेले." तर म्हणतं, "मग ते आल्यावर येतो. तुमच्याकडून नको." आणि चालतं झालं. ही गंमत तुला सांगायला मी प्लेटा धुवायच्या आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलेलो. दार लोटलं. अंधार. तिथे तू नेहमी अंधारातच असायचास, त्यामुळे क्षणभर काही वेगळं वाटलं नाही. वेगळं वाटलं ते नंतर, "दार लाव गाढवा, प्लेट उघडी आहे" असं कोणी ओरडलं नाही तेव्हा.

दार मी लावून घेतलं. उगीचच. आत काही उघडं नव्हतं.

तुझे दिवस चालू असतानाच इंदूवहिनींनी मला ओसरीवर बोलावलं. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "भावजी, तेराव्याला यांचा फोटो हवा. भिंतीवर लावायला." मी म्हटलं, "हो, त्यात काय." बहिणीच्या लग्नाला पाट आणून देतो म्हणावं इतक्या सहज म्हटलं. घरी निघालो. कोपरच्या बाजूच्या शेतांचे बांध तुडवत अर्ध्या वाटेवर आलो आणि पाय थांबले. फोटो? तुझा? अरे, कल्याण-डोंबिवलीतल्या किती घरांच्या भिंतींवर तुझ्या हातचे म्हातारे हार घालून बसलेत. दुकानाच्या काचेत मांडलेल्या वरमाया, मुंजे, पदवीधर, एक तालीमबाज, सगळे तुझे. आणि तू कुठेच नाहीस. जन्मभर त्या फडक्याखाली डोकं घालून उभा राहिलास, तर असणार कुठे?

शोधून शोधून तू दोनच ठिकाणी निघालास. एक प्लेट माझ्या टेबलाच्या खणात: तू नाकासमोर बघतोयस, डोळे सरळ, एखाद्या फौजदारासारखा. दुसरीकडे लाकडी चौकटीत पाठीला पाठ लावून बंद दोन प्लेटा, अजून धुतलेल्यासुद्धा नाहीत. त्यांच्यावर तू आहेस, की नुसता माझा वेंधळेपणा आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांतली कुठली प्लेट तुझ्या भिंतीवर जाणार, एवढाच प्रश्न होता. आणि असले प्रश्न दुकानात मी कधी सोडवलेले नाहीत. मी ते निर्माण करायचो.

आठवतं ना, कामाची वाटणी कशी झाली? देश स्वतंत्र झाला त्या साली आपण दुकान काढलं. सुरुवातीला मीही कॅमेऱ्याला हात लावायचो. मग शीळफाट्याच्या पलीकडच्या गावातलं ते लग्न आलं. तू तापाने फणफणलेला. मी एकटा बैलगाडीत बसून गेलो, कॅमेऱ्याचं तिकाटणं, प्लेटांची पेटी, नवा कोट, अशा थाटात. चौकटीचं सरकतं झाकण ओढल्याशिवाय आतल्या प्लेटवर उजेड पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण ओढलं नाही. सबंध लग्नात एकदाही नाही. "हसा! हलू नका!" असं मात्र दिवसभर ओरडत होतो. तू रात्री घामेजल्या अंगाने प्लेटा धुवायला बसलास आणि एकामागून एक कोऱ्या काचा निघू लागल्या. मी म्हटलं, "औषध खराब असेल." तू पुढची काच औषधात घातलीस.

दुसऱ्या दिवशी ताप अंगात घेऊन तू माझ्याबरोबर आलास. मुलीचा आजा अंगणात बसलेला. त्याने आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आरं, फोटोपायी पोरीचं लगीन पुन्यांदा लावू काय?" आणि भटजी तर हटूनच बसले. मंगलाष्टकं उगीच्या उगीच म्हणायची नसतात म्हणे. तेव्हा तू हात जोडून म्हणालास, "गुरुजी, तुम्ही नुसतं तोंड उघडा. फोटोत आवाज येत नाही." अख्खं अंगण हसलं. तो फोटो त्या घरात अजून आहे: मधे अंतरपाट, अलीकडे-पलीकडे नवरा-नवरी हसू दाबतायत आणि भटजींनी मोठ्ठा आ केलाय, आवाजाशिवाय.

परत येताना गाडीत तू मला म्हणालास, "वाम्या, यापुढे तू झाकणाला हात लावायचा नाहीस. तू खिडकीशी बस." बसलो. फोटो काढायचास तू, प्लेटा धुवायचास तू, छापायचास तू. मी पेन्सिल आणि बारीक सुरी घेऊन काचेवरचे चेहरे सुधारायचो. सुरकुती भर, डाग उडव, हनुवटी जरा आत घे. याला रिटच म्हणतात आणि यात मी वाकबगार निघालो. स्वतःच्या चुका करण्यात जो मुरलेला असतो, त्याला दुसऱ्याच्या चेहऱ्यातल्या चुका बरोबर दिसत असाव्यात.

आणि आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही, आणि आता माझ्या एकट्याच्या अंगावर पडलंय.

तू म्हणायचास, "तू माणूस पुसतोस, वाम्या." मी म्हणायचो, "मी त्याला त्याच्या मनातला चेहरा देतो. तू देतोस तो त्याच्याकडे आहेच की!" फाळणीनंतर आलेली कॅम्पातली सिंधी मंडळी कागदपत्रांसाठी फोटो काढायला यायची, तेव्हा तू मला सुरी उचलू द्यायचा नाहीस. "यांचं सगळं तिकडे राहिलं," म्हणायचास, "तोंड तरी त्यांचं त्यांच्याकडे राहू दे." मग मी चहा आणायला जायचो.

पण ठाण्याच्या त्या मुलीचं प्रकरण आठवून तूच हसायचास. दाखवण्यासाठी तिचा फोटो हवा होता. गोड मुलगी, फक्त उजवा डोळा जरा तिरळा. मी तो सरळ केला. आता हे कसं करतात ते तुला काय सांगायचं, पण तू चारचौघांत मला सांगायला लावायचास, म्हणून पुन्हा सांगतो. बुबुळाच्या एका बाजूचं पांढरं सुरीने खरवडायचं, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने भरायचं. खरी गोम मात्र ठिपक्यात. खिडकीचा उजेड बुबुळावर पडतो, त्याचा पांढरा ठिपका उमटतो. दोन्ही डोळ्यांत तो एकाच जागी असेल तर नजर सरळ. एका डोळ्यात सरकलेला असेल तर तो डोळा फिरलेला. मी डोळे बघतच नाही, ठिपके बघतो.

तर फोटो गेला, पसंत पडला आणि मुलाचा बाप मुलगी बघून आल्यावर छत्री उगारत थेट आपल्या दुकानात. "ही फसवणूक आहे!" त्याच्या मागोमाग मुलीचा बाप. "फसवणूक कोणाची? तुमच्या मुलाच्या तोंडावर देवीचे एवढाले व्रण! फोटोत कुठे गेले?" मी टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधू लागलो. कारण मुलाचा फोटोही माझ्याच सुरीखालून गेलेला होता. तू फडक्यातून डोकं बाहेर काढून विचारलंस, "मुलाने मुलीला पाहिलं ना? मुलीने मुलाला? मग ते दोघं काय म्हणतायत?" उगारलेली छत्री खाली आली. ते दोघं काय म्हणतायत हे कोणी विचारलंच नव्हतं.

लग्न झालं. जोडीचा फोटो काढायला ती दोघं आपल्याकडेच आली, तेव्हा तू मला दुकानाबाहेर घालवलंस. "भाजी घेऊन ये. सावकाश." तो फोटो काचेत अजून आहे. तिचा डोळा तिरळा, त्याच्या गालांवर व्रण, आणि दोघं हसू फुटायच्या बेताला आलेली. मी त्याच्याकडे फारसं बघत नाही. तुझा मुद्दा त्यात फार ठासून आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आपण दोन मोठे दिवे घेतले. इतके दिवस खिडकीच्या उजेडावर चाललेलं दुकान. दिवे लावून बघायला एक चेहरा हवा होता. मी म्हटलं, "बस की." तू कुरकुरत बसलास. जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. माझ्यावर भरवसा नव्हताच, म्हणून झाकण तू स्वतः ओढलंस, मग जाऊन खुर्चीत बसलास आणि मला फक्त शटरचा रबरी गोळा दाबायला दिलास. प्लेट धुऊन तू माझ्यापुढे टाकलीस. "दोन दिव्यांचे दोन-दोन ठिपके आलेत डोळ्यांत. एकेक ठेव, बाकीचे उडव."

मी भिंग लावलं. उजव्या डोळ्यात ठिपके जागेवर. डाव्या डोळ्यात मात्र दोन्ही ठिपके कानाकडे सरकलेले. अगदी जरासे.

मी स्वतःला एक शिवी दिली. दिवा मी लावला होता, म्हणजे दिवा वाकडा लागला होता, म्हणजे झालं. दुकानात इतकी वर्षं जे जे वाकडं झालं ते माझ्याच हातून, मग यात विचार करण्यासारखं होतं काय? दिवा चुकला असता तर दोन्ही डोळ्यांत चुकला असता, हे शाळकरी पोराला कळेल. मला कळलं नाही. सदू, आयुष्यात एकदाच एक चूक माझी नव्हती, आणि नेमकी तीच मी मुकाट्याने आपल्या नावावर मांडून घेतली. तुला कळायच्या आत निस्तरायची म्हणून लगेच सुरी उचलली. तासाभराने तू नाकासमोर बघू लागलास. छापून तुला दाखवला. तू मान जराशी डावीकडे वळवून, तिरक्या नजरेने बघितलंस आणि म्हणालास, "हा कोण फौजदार?"

मान अशी का वळवलीस, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, नाक मुरडतोयस.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते डोळ्याचं दुखणं एकाएकी ठसठशीत झालं. सकाळी हॉटेलात तू बशीत चहा ओतलास आणि सगळा चहा बशीशेजारी. मी हसून हसून बाकावरून पडायचा राहिलो. मी सांडणार आणि तू पुसणार, ही आपली रीत, आणि आज उलटं! तू हसला नाहीस. एक डोळा मिटलास, बशी नीट बघितलीस आणि म्हणालास, "वाम्या, मला दोन वाम्या दिसतायत."

"मग काय बिघडलं?"

"एकच सोसवत नाही रे."

पुन्हा हसलो. तुझा डावा डोळा नाकाकडे वळलेला मला तेव्हा उघड्या उजेडात दिसला. आणि तरी बाजारात तुझी चेष्टा सुरू झाली तेव्हा मीही होतो त्यात. हॉटेलवाला विचारायचा, "काय सदूभाऊ, कोणाला डोळा घालताय?" तुझं तोंड एकीकडे आणि नजर दुसरीकडे, त्यामुळे पानवाल्याला वाटलं तू त्याच्यावर रुसलायस. दोन दिवस बिचारा तुला फुकट पान लावून देत होता. वहिनींनी दृष्ट काढली, डोळ्यावर लोण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कोणी वारं लागलं म्हणालं, कोणी नव्या दिव्यांना दोष दिला. दुकानात मात्र तुला त्रासच व्हायचा नाही. का, ते मला फार उशिरा उमगलं: भिंग लावताना तू एक डोळा मिटायचास. एका डोळ्याने बघितलं की सगळं एकच. तुझ्या धंद्यानेच तुझं दुखणं झाकून ठेवलेलं. मग डोकं दुखायला लागलं, मागून, मानेच्या वर. तू रुमाल बांधून डोळा झाकायला लागलास आणि मी तुला दर्यावरचा चाचा म्हणायला लागलो.

शेवटी वहिनींनी मला बजावलं, "भावजी, थट्टा पुरे. ठाण्याला न्या यांना." गेलो.

ठाण्याचे ते डोळ्यांचे डॉक्टर बारीक चणीचे, बोलायला हळू. त्यांनी तुला समोर बसवून बोट दाखवलं. "डोकं हलवू नका, नुसत्या डोळ्यांनी या बोटाकडे बघा." बोट डावीकडे नेलं. उजवा डोळा बोटामागे गेला. डावा मधेच थांबला, उंबऱ्याशी अडखळल्यासारखा. मग त्यांनी विजेरी लावली आणि तुझ्या डोळ्यांत उजेड टाकून ते काय बघत होते, हे मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ठिपके. सदू, ते ठिपके बघत होते!

"लहानपणापासून आहे का हे?"

"छे," तू म्हणालास.

"जुना एखादा फोटो आहे?"

तू हसलास. "धंदा फोटोचा आहे, डॉक्टर. त्यामुळे नाही."

मी वहिनींना दाखवायला म्हणून तो फौजदार खिशात घेतलेला. काढून दिला. डॉक्टरांनी चष्मा वर करून बघितला. "यात तर डोळा अगदी सरळ आहे. म्हणजे झालं ते यानंतर, एकाएकी."

गप्प बसलो असतो तर चाललं असतं का, कोण जाणे. पण माझ्या तोंडून निघालं, "तो मी सरळ केलाय." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तूही बघितलंस, मान वळवून. मग मी सगळं सांगितलं, दिवा, ठिपका, सुरी. कानाकडे किती सरकला होता ते नखावर दाखवलं. मला वाटलं आता दोघंही झोडतील. डॉक्टर एवढंच म्हणाले, "म्हणजे दिवाळीच्या आधीच सुरू झालेलं." आणि तुझ्याकडे वळले. "पोराचा डोळा तिरळा असतो, ती वेगळी गोष्ट. मोठ्या माणसाचा चांगला डोळा अचानक फिरला, एकाचे दोन दिसू लागले, तर डोळा बघून भागत नाही. त्याच्या मागे बघायला लागतं. डोळा बाहेर वळवणारी एक बारीक नस असते, ती कवटीच्या तळावरून लांबची वाट चालून येते. वाटेत तिच्यावर काहीतरी दाबतंय. चष्म्याने जाणारं नाही हे. मुंबईला जा. उद्याच."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुझ्या डोक्याचा एक्स-रे काढला. ती काळी फिल्म हातात आल्यावर तू सवयीने खिडकीशी नेऊन उजेडावर धरलीस, एक डोळा मिटलास आणि म्हणालास, "उजेड बरोबर घेतलाय हं. धुतलीयही छान." तिथल्या डॉक्टरांनी पेन्सिलीने एक जागा दाखवली, नाकाच्या मागे, कवटीच्या अगदी तळाशी, जिथलं हाड कुरतडल्यासारखं झालेलं. गाठ. "तिथे हात पोचत नाही," ते म्हणाले. "किरणांचे शेक देऊ." तू फिल्म माझ्याकडे सरकवलीस. "वाम्या, बघ बुवा, सुरीने काही होतंय का."

बाहेर येऊन मी डॉक्टरांना गाठलं. दिवाळीच्या आधी आलो असतो तर? ते उत्तर देणार तेवढ्यात कोणीतरी त्यांना बोलावलं. ते गेले आणि मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं की नाही, हेही ठरवता येत नाही.

तुला मात्र विचारलं. शेकांनी जीभ सोलवटलेली असताना, भरवलेला भात अडकत असताना विचारलं, असा मी. तू घास गिळून म्हणालास, "तू ठिपका सरकवला नसतास तर मी तुला शिव्या देऊन दिवा सरकवला असता. एवढंच." सदू, हे तुझं खरं म्हणणं होतं की माझ्यासाठी केलेलं रिटच, ते मला अजून कळलेलं नाही. आणि तू तर रिटचच्या विरुद्ध होतास.

मग एका सकाळी वहिनींचा निरोप आला की कॅमेरा घेऊन बोलावलंय. डोंबिवलीच्या तुझ्या ओसरीवर मी तिकाटणं उभं केलं. तू खांबाला टेकून बसलास. आवाज घोगरा झालेला, गाल बसलेले, डाव्या डोळ्यावर वहिनींनी शिवलेली पट्टी. "दोन काढ," म्हणालास. "एक पट्टीसकट, एक पट्टीशिवाय. आणि सुरी लावलीस तर बघ."

"झाकण तू ओढतोस?"

"मी कुठे उठतो आता. तूच ओढ."

मी फडक्याखाली शिरलो. दुधी काचेवर तू उलटा दिसलास, डोकं खाली, पाय वर. फडक्याखाली माणूस एकटा असतो हे तू कधी सांगितलं नव्हतंस. तिथे मला रडू आलं. आवरेना. बाहेरून तुझा तो फाटका आवाज, "अरे बाहेर ये, मी इकडे बसलोय!" आणि वहिनींचं हसणं, जे मी कित्येक दिवसांनी ऐकलं. पहिला काढला. वहिनींनी पट्टी सोडली. दुसरा काढला. झाकण ओढलं होतं, हे शपथेवर सांगतो. पण पुढचं सगळं डोळ्यांतल्या पाण्यातून केलेलं, आणि तेव्हा नेमकं काय केलं ते मला आठवेना.

प्लेटा धुवायचास तू. म्हणून ती चौकट तशीच राहिली. तू बरा झालास की धुशील, असं मी म्हणत होतो. तूही मान हलवत होतास.

तेरावं जवळ आलं तेव्हा भर दुपारी दुकानाला आतून कडी लावली आणि तुझ्या खोलीत शिरलो. लाल दिवा लावला. बाटल्यांवर तुझी अक्षरं, त्यांचा क्रम तू पाठ करून घेतलेला, कधी काळी, माझा कान धरून. पहिली प्लेट औषधात घातली. थाळी हलवत राहिलो. काही नाही. आणखी हलवली. काहीच नाही. कोरी काच. मी तिथेच मोरीच्या कडेवर बसलो. शीळफाट्याची काच, पुन्हा. फक्त या वेळी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा काढता येणार नव्हता.

दुसरी घातली ती केवळ घालायची म्हणून. आधी कॉलर उमटली, मग केस, मग काहीतरी जास्तच उमटायला लागलं. लाल उजेडात मला उमजेना. पक्की करून, धुऊन, खिडकीशी आणली, तेव्हा कळलं. पहिल्या फोटोनंतर चौकट उलटी करून मागची प्लेट पुढे आणायची असते. मी तीच प्लेट पुन्हा उघडलेली. एका काचेवर दोन सदू. खांदे एकच, मान एकच, आणि वर दोन चेहरे, एकमेकांत मिसळलेले. एकाच्या डोळ्यावर पट्टी आणि मान सरळ. दुसऱ्याचं तोंड डावीकडे वळलेलं आणि तिथून तो उजवीकडे, कॅमेऱ्याकडे, बघतोय.

तुला सगळं जग असंच दिसत होतं ना? हॉटेल, चहा, वहिनी, मी. इतके दिवस तू आम्हाला असं बघत होतास आणि मी तुला चाचा म्हणत होतो.

दोन्ही छापले, फौजदारही आणि हाही. वहिनींपुढे ठेवले. म्हटलं, "वहिनी, हा चांगला आहे. दुसरा माझ्या हातून बिघडला, तुम्हाला दाखवल्याशिवाय राहवलं नाही म्हणून आणला." त्यांनी चांगला आधी घेतला. बराच वेळ बघितला.

"हे यांचे डोळे नव्हेत, भावजी."

"सदूचेच आहेत, मी फक्त जरा..."

"हे तुमचे डोळे आहेत. दुकानाच्या काचेत बघते ना मी. तुम्ही सगळ्यांना हेच डोळे लावता."

इतकी वर्षं तू जे सांगत होतास ते त्या एका वाक्यात सांगून मोकळ्या झाल्या. मग त्यांनी दुसरा उचलला. मला वाटलं रडतील. त्यांनी पट्टीवाल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "दिवसभर हे असे असायचे." बोट सरकवलं. "आणि सकाळी उठल्यावर, मी पट्टी बांधायच्या आधी, असे बघायचे माझ्याकडे. मान वळवून. एकच दिसावी म्हणून." फोटो माझ्या हातात देत म्हणाल्या, "हा लावू."

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"म्हणतील, भावजींनी काढलेला दिसतोय."

तर तेराव्याला तू भिंतीवर लागलास, दोघंही. पानं वाढेपर्यंत माणसं येत होती. हॉटेलवाला आला, पानवाला आला, शीळफाट्याच्या पलीकडून ते भटजी आले, आता पार थकलेले. जो तो फोटोसमोर उभा राहायचा, गोंधळायचा, मग नकळत एक डोळा मिटून बघायचा. एकामागून एक, सगळे. कोणाला तू एक दिसला नाहीस. पानवाला तेवढा बराच वेळ उभा राहिला आणि जाताना फोटोखाली एक विडा ठेवून गेला.

सगळे जेवायला बसल्यावर मी उभा राहिलो. डावा डोळा मिटला. तू दोन होतास. उजवा मिटून पाहिला. दोनच. मग दोन्ही मिटले. आणि तिथे तू एकटा होतास, सदू, लाल दिव्याखाली, बाह्या वर सारलेल्या, माझ्यावर भडकलेला:

"चौकट उलटायची असते, गाढवा!"